जुन्या गाडीची चढलेली रेस आणि ओबीडी डोंगल : काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी २००७ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक. तक्रार एकच. सिग्नलला न्यूट्रल केली की रेस खाली बसत नाही. गरम इंजिनाला साडेसातशे ते नऊशे आरपीएम पुरतात, ही अकराशे-बाराशेवर घोंघावत राहायची. तेही दर वेळी नाही. गॅरेजच्या दारात उभी केली की एकदम सोज्वळ! मग मेकॅनिक बोनेट उघडणार, एक्सलरेटरची वायर ओढून बघणार आणि "आयडल मोटर बदलून टाकू सर" म्हणणार, म्हणजे न्यूट्रलची रेस सांभाळणारी मोटर. असा अंदाजपंचे खर्च नको म्हणून ब्लूटूथचं ओबीडी डोंगल घेतलं, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारी छोटी डबी. त्याचाच हा अनुभव.

घेण्याआधी एक गोष्ट तपासा. आपल्याकडे ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याची यंत्रणा) सक्तीची झाली ती बीएस-४ या प्रदूषणाच्या निकषांबरोबर, एप्रिल २०१० पासून. तिची पुढची पायरी ओबीडी-२ तर एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट दिसलं तरी ती डोंगलशी बोलेलच असं नाही. माझी बोलली, के-लाइन या जुन्या संदेशवाहिनीवर का होईना. शेजाऱ्यांची, जवळपास त्याच वयाची, शेवटपर्यंत मुकीच राहिली. तेव्हा जमलं तर आधी कुणाचं तरी मागून आणून लावून बघा.

दुसरं म्हणजे बाजारात हजाराच्या आत मिळणारी जवळपास सगळी ईएलएम३२७ डोंगलं त्या नावाच्या मूळ चिपच्या नकला आहेत. खोक्यावर 'व्हर्जन १.५' छापलेलं असतं, पण मूळ कंपनीने त्या क्रमांकाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. गंमत अशी की नकलांमध्ये १.५ वाली बरी निघतात. २.१ लिहिलेल्या पुष्कळशा डोंगलांना जुन्या गाड्यांचे प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याच्या भाषा, धड येत नाहीत. जुन्या गाडीसाठी घेणार असाल तर खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका.

बहुतेक लोक हे घेतात ते दोषांचे कोड वाचायला. माझ्या गाडीत कोड एकही नव्हता. चेक इंजिनचा दिवाही नाही. इथेच कित्येक जण "स्कॅनिंग क्लीन आहे" म्हणून डोंगल काढून ठेवतात. पण सेन्सर तुटला, शॉर्ट झाला किंवा भलताच आकडा देऊ लागला तरच जुना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ओरडतो. आकडा शक्य कोटीतला असला की तो मुकाट्याने मान्य करतो आणि त्याप्रमाणे गाडी चालवतो. म्हणून खरी किंमत आहे ती लाइव्ह डेटाची, म्हणजे गाडी चालू असताना दिसणाऱ्या सेन्सरांच्या आकड्यांची.

सुरुवात थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, आकड्यापासून केली. पाय पेडलवर नसताना तो १२ टक्के दिसतो. घाबरू नका, बंद थ्रॉटलला बऱ्याच गाड्या शून्य दाखवत नाहीत. बघायचं ते इतकंच, की पाय उचलला की दर वेळी आकडा त्याच जागी परत येतो का. येत होता. म्हणजे वायर ताणलेली नाही, फ्लॅप अडकत नाही.

मग व्हॅक्यूम लीक, म्हणजे फटीतून चोरून आत शिरणारी हवा. "फ्युएल ट्रिम प्लसमध्ये गेला की लीक" हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो (ट्रिम म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली कमी-जास्त दुरुस्ती), पण तो हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांना लागू. आपल्या छोट्या जुन्या हॅचबॅकमध्ये बहुधा एमएपी असतो, तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो. थ्रॉटलच्या पुढे कुठून हवा आत शिरली तर एमएपी तीही हिशेबात धरतो, ईसीयू त्या मापाने पेट्रोल सोडतो, रेस चढते आणि ट्रिम मात्र शांत! त्यामुळे ट्रिम नॉर्मल आहे म्हणून लीक नाही, असं या गाड्यांत म्हणता येत नाही. मी इंजिन चालू ठेवून ब्रेक बूस्टरचा आणि पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत ओढून घेणारा) पाइप एकेक करून प्लायरने हलकेच दाबून पाहिला. रेस फारशी हलली नाही. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून लीक शोधण्याची पद्धतही लोक सांगतात. मी त्या वाटेला गेलो नाही, ते प्रकरण भडकू शकतं.

शेवटी गोष्ट उलगडली नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर. मी नेरुळहून सकाळी लवकर निघतो. रस्ता मोकळा, गाडी सत्तरच्या आसपास आणि फोनवर कूलंटच्या तापमानाचा आकडा. घरून निघताना तो आणि आत येणाऱ्या हवेचा आकडा जवळजवळ सारखेच होते. रात्रभर उभ्या गाडीत तसेच हवेत, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. सानपाड्याच्या बाजूला येईपर्यंत आकडा ऐंशीच्या पुढे जायला हवा होता. तो ५८ वर. थोडा चढून ६१, पुन्हा ५९. सिग्नलला थांबलो, रेस साडेअकराशे. उभ्या उभ्या आकडा ६४, ६७ होत गेला आणि रेसही त्याच्याबरोबर पायरी पायरीने उतरत गेली. वाशीच्या गर्दीत अर्धा तास घासटल्यावर कूलंट ८८, रेस ८५०. गॅरेजपर्यंत गाडी अशीच गर्दीतून तापून जायची, म्हणून तिथे सोज्वळ!

ईसीयूच्या दृष्टीने इंजिन अजून थंड होतं, म्हणून तो रेस वाढवून ठेवत होता. त्याचं काहीच चुकत नव्हतं. कूलंट तापतच नव्हतं, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, एक तर उघडा अडकलेला असणार किंवा मुळात नसणारच.

नव्हताच. हाउसिंग उघडलं तर आत मोकळी जागा. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी काढून टाकला होता. आपल्याकडे हा प्रकार सर्रास चालतो. "सर, मुंबईच्या हवेत वॉल्व्ह लागतच नाही, काढला की गाडी कूल राहते," हे तुम्हीही ऐकलं असेल. गाडी कूल राहते हे खरं, पण इंजिनाला कूल नको असतं. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, प्लग काळे पडतात, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. आणि गाडी खरोखर तापत असेल तर दोष चोक झालेल्या रेडिएटरचा, फॅनचा किंवा वॉटर पंपचा असतो. थर्मोस्टॅट काढल्याने तो फक्त झाकला जातो. नव्या गाड्यांत या दोषासाठी पी०१२८ हा कोड आहे. माझ्या गाडीच्या ईसीयूला तो ठाऊकच नाही.

नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत मिळाला. कडेवर ८२ कोरलेलं. बसवण्याआधी जुन्या पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवला, दोरीने लोंबकळत. ऐंशीपर्यंत ढिम्म. मग आतला मेणाचा गोळा फुगून स्प्रिंग दबू लागली आणि तबकडीभोवती केसाएवढी फट पडली, मग नखाएवढी. बसवताना त्यावरची छोटी हलती पिन वर राहील असं बघा, अडकलेली हवा तिथूनच सुटते.

आता पाम बीचवर आकडा ८४ ते ८८ मध्ये. तरीही रेस साधारण ९५० ला थांबायची. थ्रॉटल बॉडी काळीकुट्ट होती, ती आणि आयडल मोटरचं टोक साफ करून घेतल्यावर ८५० वर आली. मोटर बदलावी लागली नाही. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला मात्र कुणाला हात लावू देऊ नका, तो रेस कमी-जास्त करायला दिलेला नाही. एसी लावल्यावर रेस जराशी वाढते, ती वाढायलाच हवी.

डोंगलच्या तक्रारीही आहेत. के-लाइनवर ते संथ चालतं. चार आकडे एकदम मागितले तर प्रत्येक जण रांगेत उभा, म्हणून दोनच लावा. फोन आला की कनेक्शन तुटतं. सॉकेटला चावी बंद असतानाही करंट असतो, त्यामुळे लावून ठेवून गावाला गेलात तर परतल्यावर बॅटरी बसलेली सापडेल. आयफोनवाल्यांनी साधं ब्लूटूथवालं घेऊ नये, ते जुळत नाही. बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफायवालं बघावं. आणि माझ्या गाडीत सॉकेट नेमकं क्लचच्या पायाच्या वर आहे, बूट घासतो. त्यासाठी वेगळी एक्स्टेंशन वायर घ्यावी लागली, ती जवळजवळ डोंगलच्याच किमतीत पडली.