दोन लाइन असूनही नेट का जातं? फेलओव्हरचे तीन मार्ग शेजारी शेजारी

नागपुरात धंतोलीतला दवाखाना असो की गांधीबागेतली होलसेल पेढी, दोन इंटरनेट लाइन घेणं आता नवलाचं राहिलेलं नाही. सिमेंट रस्त्यांची खोदकामं आणि मे महिन्यातली वादळं पाहता एकीवर भरवसा ठेवणं कोणाला परवडतं? तरीही तक्रार सगळीकडे तीच. पहिली लाइन गेली की दुसरी धडधाकट असूनही ऑफिस ठप्प, आणि कोणीतरी उठून केबल बदलेपर्यंत ठप्पच. मग "राउटर बदलू का?" असा फोन येतो. राउटर बहुतेक वेळा ठीक असतो. लाइन गेली हे त्याला कशावरून कळावं, हे कोणी ठरवलेलं नसतं. एक लाइन गेली की आपोआप दुसरीवर जाणं, म्हणजेच फेलओव्हर, तिथेच अडतं.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दोन स्टॅटिक डिफॉल्ट रूट, म्हणजे राउटरला हाताने लिहून दिलेले बाहेर जाण्याचे दोन रस्ते. सिस्कोच्या राउटरवर साध्या स्टॅटिक रूटचं डिस्टन्स (पसंतीचा आकडा, लहान तो आधी) 1 असतं. दुसऱ्या रूटला 10 दिलं की तो मागे थांबतो आणि पहिला राउटरच्या रूट टेबलमधून निघाला की पुढे येतो. दोन ओळींचं काम. पण पहिला निघतो कधी? सहसा राउटरचा पोर्ट डाऊन झाला तरच. आपल्याकडे फायबर तुटते चौकात, आणि राउटर जोडलेला असतो ऑफिसातल्या ओएनटीला (फायबर जिथे संपते तो डबा), जो इन्व्हर्टरवर मजेत चालू असतो. ओएनटीवर लॉसचा लाल दिवा लागतो, पण राउटरकडचा पोर्ट हिरवाच. राउटरच्या लेखी सगळं आलबेल. ओएनटी ब्रिज मोडमध्ये (नुसता पूल म्हणून) असेल आणि पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डचं लॉगिन, राउटरवरूनच डायल होत असेल, तर मात्र सेशन पडतं आणि सोबत रूटही जातो. तेवढ्या ठिकाणी हा मार्ग पुरतो.

दुसरा मार्ग तपासणीचा. मिक्रोटिक राउटरमध्ये चेक-गेटवेला (गेटवे म्हणजे बाहेर जातानाचा पुढचा टप्पा) पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी हाक, लावला की दर 10 सेकंदांनी विचारणा होते, आणि दोनदा उत्तर आलं नाही की गेटवे बाद. ऐकायला छान. पण ओएनटी राउट मोडमध्ये (स्वतःच राउटरचं काम करत) असेल तर तुमचा गेटवे म्हणजे बहुधा 192.168.1.1, म्हणजे टेबलावरचा तोच डबा. बाहेर जग बुडालं तरी तो इमानेइतबारे उत्तर देत राहतो. पीएफसेन्स या फायरवॉलमध्येही मॉनिटर आयपी बदलला नाही तर तो गेटवेवरच नजर ठेवतो. म्हणून विचारणा बाहेरच्या पत्त्यावर व्हायला हवी. मिक्रोटिकमध्ये त्यासाठी रिकर्सिव्ह रूट (बाहेरच्या पत्त्यालाच गेटवे मानणारा), सिस्कोत आयपी एसएलए (ठरावीक वेळाने तपासणी) आणि ट्रॅक (तिच्या निकालावर रूट ठेवणं-काढणं). आयपी एसएलएची मूळ फ्रिक्वेन्सी 60 सेकंद असते, ती 5 ते 10 वर आणा. मिक्रोटिकसाठी जुनं उदाहरण उचलत असाल तर व्हर्जन पाहून घ्या. राउटरओएस 7 मध्ये होस्ट रूटचा (तपासणीच्या एका पत्त्याकडे जाणाऱ्या रूटचा) स्कोप 10 असेल, तर डिफॉल्ट रूटचा टार्गेट-स्कोप 11 द्यावा लागतो.

खरी डोकेदुखी इथून पुढे. तपासणीचा पत्ता पहिल्या लाइनलाच बांधलेला नसेल, तर फेलओव्हर झाल्यावर तोच पिंग दुसऱ्या लाइनवरून यशस्वी होतो. राउटरला वाटतं पहिली सुधारली. तो परत जातो, आपटतो, पुन्हा येतो, आणि ऑफिसात नेट येतं-जातं, येतं-जातं. बांधलं, तरी दुसरा सापळा आहेच. गूगलचा 8.8.8.8 पहिल्या लाइनला बांधून तोच डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून सगळ्यांना दिलात, तर लाइन गेल्यावर रूट बरोबर बदलतो पण एकही नाव उघडत नाही. तपासणीचा पत्ता वेगळा, डीएनएस वेगळा, हे आधीच ठरवून टाका. एकाऐवजी दोन पत्ते तपासा, आणि पहिल्या लाइनवर परतायला मिनिटभर उशीर लावा.

तिसरा मार्ग बीजीपी, म्हणजे इंटरनेटवरची जाळी एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल. दोन्ही लाइनवर तुमचेच पत्ते जाहीर होतात, त्यामुळे बाहेरून आत येणारी वाहतूकही वळते, जे पहिल्या दोन मार्गांत होत नाही. त्यासाठी आयआरआयएनएनकडून (भारतात इंटरनेट पत्ते वाटणारी संस्था) स्वतःचा एएस क्रमांक (जाळ्याची ओळख) आणि पत्ते लागतात. इंटरनेटवर /24 म्हणजे 256 पत्त्यांहून लहान आयपीव्ही4 तुकडा सहसा कोणी स्वीकारत नाही, आणि बीजीपी लीज लाइनवरच मिळेल, घरगुती ब्रॉडबँड प्लॅनवर नाही. शिवाय सिस्कोचा मूळ होल्ड टाइम (समोरचा गेला असं मानण्याआधी वाट पाहण्याचा वेळ) 180 सेकंदांचा, म्हणजे बीएफडी (बिघाड झटपट ओळखणारी सोय) किंवा टायमरला हात न लावता बीजीपी नीट लावलेल्या पिंगपेक्षा मंद ठरू शकतो. मिहानमधल्या कंपनीचे सर्व्हर ऑफिसातच असतील तर जरूर घ्या. दवाखान्याला आणि सीएच्या ऑफिसला याची गरज नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. त्यांनी दुसरा मार्ग घ्यावा.

"रूट बदलला, तरी चालत नाही" अशी वेळ आली तर आधी नॅटचा (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याचा) नियम दुसऱ्या लाइनसाठीही आहे का ते बघा. मग संगणकांना पहिल्या कंपनीचाच डीएनएस दिलाय का ते. दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यातून विचारल्यावर तो अनेकदा उत्तरच देत नाही. ब्राउझर चालतो पण आयपी फोन मुके, असं असेल तर जुन्या कनेक्शनच्या नोंदी राउटरने धरून ठेवल्या असतील. फोन सारखा रजिस्टर करत राहतो, म्हणून ती नोंद मरतच नाही. ती साफ करा.

चाचणी घेताना राउटर आणि ओएनटीमधली केबल उपटू नका, तेवढ्याने तर पहिला मार्गही पास होतो. ओएनटीच्या मागची फायबर पॅच कॉर्ड काढा (टोकात डोकावू नका) आणि घड्याळ लावून बसा.

आणि पैसे भरण्याआधी गच्चीवर जाऊन दोन्ही तारा कुठून येतात ते बघून या. एकाच खांबावरून येत असतील तर वरचे तिन्ही मार्ग सारखेच निकामी. अशा वेळी दुसरी लाइन 5जी राउटरची घ्या. फक्त तिच्यावर 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला (कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला) पत्ता मिळाला, तर बाहेरून कॅमेऱ्याचा डीव्हीआर पोर्ट फॉरवर्डने उघडणार नाही, हे मालकांना आधीच सांगून ठेवा.