वेरूळ आणि चितोड, फ्रेंच वाद्यवृंदात: रूसेलच्या ध्वनिमुद्रणांचा काही महिन्यांचा अनुभव

फ्रेंच ऑपेरा म्हटले की आपल्याकडचे बोलणे बिझेच्या ‘कार्मेन’पाशी आणि फार तर दलीबच्या ‘लाक्मे’पाशी थांबते. गेल्या पावसाळ्यापासून मी मात्र अल्बेर रूसेल (१८६९–१९३७) या संगीतकाराच्या दोन रचना पुन्हा पुन्हा ऐकतो आहे: ‘पद्मावती’ हा दोन अंकी ऑपेरा-बॅले (गायनाबरोबर नृत्यालाही मोठे स्थान असलेले संगीतनाट्य) आणि ‘एव्होकास्याँ’ ही वाद्यवृंदरचना. रूसेल आधी फ्रेंच नौदलात अधिकारी होता. १८९४ मध्ये ती नोकरी सोडून तो पूर्णपणे संगीताकडे वळला आणि १९०९ मध्ये पत्नीबरोबर भारतात येऊन वेरूळ, जयपूर, वाराणसी आणि चितोड पाहून गेला. पहिल्या तीन ठिकाणांतून ‘एव्होकास्याँ’चे तीन भाग उभे राहिले (पहिला प्रयोग १९१२), तर चितोडातून ‘पद्मावती’. पहिल्या महायुद्धामुळे ती रखडली आणि पॅरिस ऑपेरामध्ये १ जून १९२३ रोजी रंगमंचावर आली.

‘पद्मावती’साठी मिशेल प्लासों यांनी तुलूझच्या कापितोल वाद्यवृंदाबरोबर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी केलेले मुद्रण मी वापरतो. त्यातला खरा मानकरी अलाउद्दीन झालेला जोझे व्हान डाम आहे. तो आवाज चढवत नाही, तहाची बोलणी करतानाही त्याचा स्वर सभ्यच राहतो, आणि म्हणूनच त्याच्या मागणीतला धाक अधिक जाणवतो. मॅरिलिन हॉर्नचा खर्जाकडचा गडद आवाज पद्मावतीला शोभतो. तिचे फ्रेंच उच्चार मात्र जड वाटतात. रतनसेन गाणारा निकोलाय गेड्डा तेव्हा साठीकडे झुकलेला होता आणि वरच्या स्वरांवर ते लपत नाही, तरी शब्द इतके स्वच्छ क्वचितच ऐकायला मिळतात.

पहिल्या अंकात योद्ध्यांची आणि दासींची नृत्ये आहेत; ती ऐकायला रंगतदार आहेत, पण चार-पाच वेळा ऐकल्यावर त्यांतले नावीन्य ओसरते. दुसरा अंक मात्र दर वेळी नव्याने पकडतो. तो शिवमंदिरात घडतो. चितोड वाचवण्यासाठी पद्मावतीला शत्रूच्या हवाली करण्याचा विचार रतनसेन बोलून दाखवतो, तेव्हा ती त्यालाच खंजीर मारते आणि त्याच्या चितेवर चढते. आपण ऐकलेल्या पद्मिनीच्या कथेपेक्षा हे बरेच वेगळे आहे, आणि लुई लालुआ यांच्या संहितेतील हा बदल नाट्य म्हणून मला पटतो. हाच ऑपेरा संजय लीला भन्साळी यांनी २००८ मध्ये पॅरिसच्या शात्ले नाट्यगृहात दिग्दर्शित केला होता, म्हणजे त्यांच्या ‘पद्मावत’ चित्रपटाच्या दहा वर्षे आधी!

रागसंगीत ऐकणाऱ्यांनी एक अपेक्षा बाजूला ठेवावी. रूसेलने भारतीय वळणाच्या स्वरपंक्ती वापरल्या आहेत, आणि कोमल रिषभ असलेली एखादी ओळ आली की कान टवकारतात. पण त्यामागे षड्जाचा आधार नसतो, रागाचे चलन नसते आणि खालून स्वरसंघ (एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह) सतत सरकत असतात. मला हे उणे वाटत नाही. त्याने रागाची नक्कल करण्याच्या भरीस न पडता स्वतःच्या भाषेचा रंग बदलला, हेच बरे झाले.

‘एव्होकास्याँ’ची दोन मुद्रणे मी आलटून पालटून ऐकली: प्लासों यांचे तुलूझमधलेच आणि यान पास्कल तोर्तेलिए यांनी बीबीसी फिलहार्मोनिकबरोबर केलेले, शॅन्डोस या कंपनीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले. ‘गुहांच्या अंधारातील देव’ हा वेरूळचा पहिला भाग अत्यंत हळू आवाजात, खालच्या तारवाद्यांतून उमलतो. तिथे शॅन्डोसचे मुद्रण निर्विवाद सरस आहे, कारण पायरीपायरीने वाढत जाणारा नाद त्यात धूसर होत नाही. जुन्या मुद्रणात हाच भाग ढगाळ वाटतो आणि साध्या इयरफोनवर तर निम्मा हरवतो. जयपूरच्या भागात मला फारसा फरक जाणवला नाही. वाराणसीच्या तिसऱ्या भागात समूहगायन येते, आणि गंगेकाठी ऐकलेल्या एका फकिराच्या गाण्यावरून रूसेलने बेतलेले बॅरिटोनचे (मध्यम-खालच्या पट्टीतल्या पुरुषी आवाजाचे) गीतही येते. तिथे पुन्हा व्हान डामसाठी मी प्लासोंकडे वळतो.

वापरातली मुख्य अडचण संहितेची आहे. ज्या स्ट्रीमिंग सेवेवर मी सुरुवातीला ऐकत होतो तिथे शब्द मिळत नव्हते आणि ट्रॅक बदलताना क्षणभर खंड पडत होता. सलग वाहणाऱ्या दुसऱ्या अंकात तो खंड असह्य होतो. म्हणून ‘पद्मावती’ शक्यतो संहितेची पुस्तिका असलेल्या दोन सीडींच्या जुन्या संचातच घ्यावी, मग तो वापरलेला असला तरी चालेल. ‘एव्होकास्याँ’साठी मात्र खंड न पाडणारे डाउनलोड पुरेसे आहे, कारण तिथे शब्द थोडे आहेत आणि तेही शेवटच्या भागातच येतात.