गूगल सर्च कन्सोल: एका भाजणीवालीने दीड वर्ष वापरून

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. डोंबिवलीत घरून भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकते, त्याला वीस वर्षं होत आली. २०१९मध्ये भाच्याने हौसेने वेबसाइट करून दिली. पुढच्याच वर्षी टाळेबंदी लागली आणि त्या हौसेनेच घर चालवलं. तेव्हापासून निम्मी नवी गिऱ्हाइकं गूगलवरून येतात. म्हणून मसाल्याच्या डब्यांतून वेळ काढून हे लिहिते आहे.

२०२४ची आषाढी १७ जुलैला होती. एरवी आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस मला जेवायला उसंत नसते. त्या वर्षी साबुदाणा, वरई, राजगिरा सगळं वेगवेगळं भाजून, जिरं घालून, गिरणीतून दळून आणलं आणि फोन गप्प. नेहमीची माणसं आली, नवीन एक नाही. अठरा किलो पीठ पडून. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, “मावशी, सर्च कन्सोल उघडून बघितलंस का?” मी म्हटलं, ते काय असतं?

ते असतं गूगलचं फुकट साधन. आपली साइट गूगलला दिसते का, कुठली पानं त्याने आपल्या यादीत घेतली आहेत, लोकांनी काय शोधलं तेव्हा आपण समोर आलो आणि कितीजण आत आले, एवढं ते सांगतं. पूर्वी त्याचं नाव वेबमास्टर टूल्स होतं, २०१५मध्ये बदललं. पैसे लागत नाहीत. फक्त साइट आपली आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

कारण आदल्या दिवाळीनंतर मी एका एजन्सीला साइट ‘वर आणायला’ दिली होती. नाव घेत नाही, तशा पैशाला पासरी आहेत. महिना सहा हजार, ‘तीस दिवसांत पहिल्या पानावर, गॅरंटी’. सर्च कन्सोल त्यांनी स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं, मला त्यातलं काहीच दिसायचं नाही. दिसायचा तो महिन्याचा रंगीत अहवाल. त्यात ‘डोमेन ऑथॉरिटी ९ वरून १७’ असं ठळक, म्हणजे साइटचं वजन किती याचा एक अंदाज. हा आकडा गूगलचा नाहीच, मॉझ नावाच्या एका कंपनीचा आहे आणि गूगल क्रमांक लावताना तो वापरत नाही, हे मला सहा हप्ते भरून झाल्यावर कळलं. अहवालात ‘पहिला क्रमांक’ म्हणून जे दाखवायचे तो शोध होता माझ्याच दुकानाच्या नावाचा. माझ्या नावाने शोधलं तर मीच येणार, दुसरं कोण येणार?

भाच्याने माझ्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, खात्यात एक ओळ घालून साइट माझ्या ईमेलवर सिद्ध केली. मग त्याने उपवासाच्या भाजणीच्या पानाचा पत्ता वरच्या चौकोनात टाकला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: हे पान गूगलवर नाही, ‘नोइंडेक्स’ टॅगमुळे वगळलं आहे.

एप्रिलमध्ये एजन्सीने साइटला नवं रूप दिलं होतं. काम चालू असताना अर्धवट साइट गूगलने उचलू नये म्हणून वर्डप्रेसच्या, म्हणजे माझी साइट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये, ‘रीडिंग’ या भागात, एक चौकोन असतो. त्यावर टिक केली की साइट शोधयंत्रांना म्हणते, मला यादीत घेऊ नका. काम झाल्यावर ती टिक काढायची असते. यांनी काढली नाही. म्हणजे तीन महिने मी दुकानाचं शटर आतून ओढून गल्ल्यावर बसले होते, आणि हे बाहेर रंगरंगोटीचे पैसे घेत होते.

टिक काढली, मुख्य पाच-सहा पानांसाठी ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’चं बटण दाबलं. आठवड्याभरात ती पानं परत दिसायला लागली, बाकीच्यांना महिना लागला. बटण दाबलं म्हणजे गूगल लगेच घेईलच असं नाही, आणि तेच बटण दहादा दाबून काही होत नाही. मी दाबून पाहिलंय.

मग एकेक बाहेर यायला लागलं. जुन्या पानांचे पत्ते नव्या रूपात बदलले होते आणि जुन्यावरून नव्याकडे वाट काढून दिलेली नव्हती. एका पाककृती लिहिणाऱ्या बाईंनी माझ्या मेतकुटाच्या पानाचा दुवा आपणहून दिला होता, तो ‘४०४’वर, म्हणजे ‘पान सापडत नाही’ या पाटीवर, जाऊन आपटत होता. हे नुकसान मोठं. गूगलची मूळ कल्पनाच अशी की एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा हे एक प्रकारचं मत; लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना त्यावर काम केलं आणि पेजच्या नावावरून त्याला पेजरँक म्हटलं. आज इतर कितीतरी गोष्टी मोजतात, पण ओळखीच्या, त्याच विषयातल्या माणसाने दिलेला दुवा अजून मोलाचा. उलट एजन्सीने माझ्यासाठी ‘पाचशे बॅकलिंक’, म्हणजे दुसऱ्या साइटींवरून माझ्याकडे येणारे दुवे, आणल्या होत्या. सर्च कन्सोलच्या ‘लिंक्स’मध्ये पाहिलं तर जुगाराच्या साइटी, कुठल्याशा परदेशी टायरच्या साइटी. थालीपिठाचा आणि टायरचा संबंध काय? आकार म्हणाल तर तेवढाच. विकत घेतलेले दुवे गूगलच्या नियमांत बसत नाहीत आणि गूगलने २०१२मध्ये क्रमांक लावायच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल केला, तेव्हापासून अशांवर नजर आहे. असे दुवे नाकारायचंही एक साधन आहे, पण बहुतेक साइटींना त्याची गरज पडत नाही असं गूगलच म्हणतं. भाच्याने ते सोडून दिलं.

सगळ्यात राग आला तो तळातल्या मजकुराचा. पानाच्या शेवटी रिकामी जागा का आहे म्हणून मी माऊस ओढला, तर निळ्या पट्ट्यात अक्षरं उमटली. पांढऱ्यावर पांढरी. भाजणी, भाजनी, बेस्ट भाजणी, ठाणे भाजणी, कल्याण भाजणी, असे चाळीसेक शब्द. लपवलेला मजकूर ही सरळ फसवणूक धरली जाते. आणि साइटच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणारा, कीवर्ड्सचा (शोधशब्दांचा) जो टॅग भरला होता, तो गूगल क्रमांकासाठी बघत नाही हे त्यांनी २००९मध्येच जाहीर केलंय. त्या भरण्याचेही पैसे मी दिले.

आता साधनाबद्दल. माझा जीव रमतो तो ‘क्वेरीज’च्या यादीत. लोकांनी काय लिहून शोधलं ते तिथे ओळीने दिसतं. मला वाटायचं लोक ‘घरगुती भाजणी’ शोधतात. प्रत्यक्षात शोधतात ‘भाजणी कडू का होते’, ‘मेतकूट बाळाला कधी द्यावे’, ‘भाजणी किती दिवस टिकते’. मेतकूट निम्मे लोक ऱ्हस्व लिहितात, थालीपिठाचं इंग्रजी स्पेलिंग पाच तऱ्हांनी करतात, आणि गूगलला ते बहुतेक वेळा कळतं. त्यासाठी तळाला शब्द लपवायची गरज नव्हतीच. मी ‘कडू का होते’वर एक पान लिहिलं. धणे-जिरं डाळींबरोबर एकाच कढईत टाकलं की डाळ भाजून होईपर्यंत ते करपतं, म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर. परातीतले फोटो मीच मोबाइलवर काढले. त्या एका पानावरून येणारी माणसं आता सगळ्या विक्रीच्या पानांहून जास्त आहेत. सगळी घेत नाहीत, पण काही घेतात.

दोष आहेतच. पक्के आकडे दोन-तीन दिवस मागे असतात. सगळे शोध दाखवत नाही, फार थोड्यांनी केलेले खासगीपणाच्या नावाखाली गाळतं. ‘सरासरी क्रमांक’, म्हणजे सगळ्या शोधांत मिळून आपण साधारण कितवे दिसतो, हा प्रकार तर नवख्याचं डोकं फिरवणारा. एका ऑक्टोबरात माझा ९ वरून २१ झाला आणि मला रात्रभर झोप नाही. क्लिक मात्र वाढले होते. झालं होतं असं की ‘दिवाळी फराळ’सारख्या नव्या शोधांत मी पहिल्यांदाच, पण खालच्या पानांवर दिसायला लागले होते, सरासरी त्याने खाली ओढली. आता तो आकडा मी एकेका शोधापुरताच बघते.

दुसरं, जुना हिशेब फक्त १६ महिन्यांचा. आमच्यासारख्या सणावारी धंद्याला दोन दिवाळ्या शेजारी ठेवायला तो कसाबसा पुरतो. तिथेही मागच्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करू नका. २०२४ला दिवाळी ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरात गेली, २०२५ला दहाएक दिवस आधीच आली. तारखा जशाच्या तशा लावल्या तर धंदा बुडाला असं वाटतं. पंचांग बघून दोन्ही तारखा हाताने भराव्या लागतात. कॅलिफोर्नियात बसलेल्यांना तिथी कोण सांगणार!

‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असा शेराही छळतो. म्हणजे पान पाहिलं, पण घेतलं नाही. कारण देत नाही. माझी अशी अकरा पानं होती, नीट बघितलं तर त्यातली आठ एकाच मसाल्याच्या शंभर, दोनशे, पाचशे ग्रॅमच्या पाकिटांची, मजकूर तोच. एकत्र केली.

आणि हे साधन तुम्हाला वर नेत नाही. नैसर्गिक क्रमांक पैशाने मिळत नाही, जाहिरात वेगळी, आणि पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही असं गूगलच्याच सूचनांत लिहिलंय. ते वाक्य मी छापून फ्रिजवर लावलंय. एजन्सीवाले अजून फोन करतात, दुसऱ्या नावांनी. मी विचारते, सर्च कन्सोल कोणाच्या ईमेलवर उघडणार? बहुतेकांचा फोन तिथेच संपतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या सरासरीसाठी.

काल यादीत एक नवीन ओळ दिसली: ‘गहू नसलेली भाजणी’. आठवड्यात चौदा वेळा. माझ्याकडे तशी नाही. उद्या सकाळी गिरण रिकामी असते, ज्वारी-बाजरीचं प्रमाण वाढवून दोन किलो करून बघते.