टू-स्ट्रोक बोट मोटर: 14 महिने, 19 प्लग

परवा माजलगावात स्पेअर पार्टच्या दुकानावरून चाललो होतो, तर दुकानदारानं आतूनच हाक मारली, "काय पाहुणं, मोटर विकली का? गणपतीपासून प्लग न्यायला आलाच नाहीत!"

त्याचंही खरंय. मागच्या हिवाळ्यात माझ्याइतकं पक्कं गिऱ्हाईक त्याला दुसरं नव्हतं. पाच महिन्यांत 15 प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग. एक 160 ला धरा, म्हणजे 2,400 रुपये नुसते प्लगात गेले. भर धरणात दोरी ओढून ओढून खांदा उतरला, ते वेगळंच.

मोटर माझ्या मासेमारीच्या होडीची: 8 एचपी, दोन सिलिंडर, पाण्यानं थंड होणारी. मागच्या ऑक्टोबरात कोकणातून जुनी आणली. ताकद, आवाज, ॲव्हरेज यावर लिहीत नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर हातानं चप्पू मारण्यात ज्याचं निम्मं आयुष्य गेलं, त्याला कुठलीही मोटर विमानच वाटते. माझं भांडण प्लगाशी.

पहाटे जाळी काढताना तासभर मोटर अगदी हळू चालते. कटला-रोहू क्रेटात भरून परत निघायला मूठ पिळली की फडफड, निळा धूर, आणि होडी एका सिलिंडरवर लंगडत घरी. प्लग खोलला की काळाकुट्ट, तेलानं ओलाचिंब. राजदूत किंवा लूना चालवलेल्यांना हा वास सांगायला नको. प्लग शॉर्ट. पॉलिश पेपर मारा, फुंकर घाला, लावा. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

डिसेंबरात एका मेकॅनिकला दाखवली. त्यानं मोटरीला हात लावायच्या आधीच सांगितलं, "कॉइल गेली, साडेसहा हजार." कॉइल म्हणजे प्लगाला ठिणगीची वीज देणारी. म्हणलं, आधी प्लगची अदलाबदल करून बघू. वरचा खाली, खालचा वर. बिघाड प्लगाबरोबर खाली गेला. कॉइल गेली असती तर वरचाच सिलिंडर बंद राहिला असता. यावर तो म्हणाला, "मग तुम्हीच करा की." तपासणीचे 300 मात्र घेतले. ते 300 मी अजून विसरलो नाही.

मग तेलाचा हिशोब काढला. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं. आधीच्या मालकानं सांगितलं होतं, पाच लिटर पेट्रोलला 200 मिली तेल घाला. आमचे थोरले चुलते तर म्हणायचे, "दोन थेंब जास्त पडलेलं बरं, इंजिनाला थंडावा राहतो." त्यात मी आदमासानं ओतणारा. 200 मिली म्हणजे 25 ला 1, ते नव्या इंजिनाच्या सुरुवातीच्या दिवसांपुरतं. माझ्या मोटरीला 50 ला 1 पुरतं, म्हणजे पाच लिटरला 100. वर तेल कुठलं, तर पंपावर मिळतं ते गाडीचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक दुचाकीचं तेल. गाडीचं इंजिन नुसत्या हवेनं गार होतं, म्हणून जास्त तापतं, त्यात ते जळून जातं. बोटीचं इंजिन पाण्यानं गार राहतं, तिथं त्याची राख आणि काजळी प्लगावर बसते. डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं, म्हणजे पाण्यानं गार होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं तेल लागतं. महाग आहे, पण निम्मंच लागतं.

आता या मोटरीसोबत मिळायला हवी होती आणि मिळाली नाही ती वस्तू: माप. एवढ्या महागाच्या मशीनला दहा रुपयांचं माप नाही! मी जनावरांच्या डॉक्टरकडून 50 मिलीची सिरिंज मागून आणली, सुई काढून. दोनदा भरली की पाच लिटरचं काम झालं. थेंब इकडं नाही की तिकडं नाही. बायको हसते, पण 14 महिन्यांतली सगळ्यात कामाची खरेदी तीच, आणि तीही फुकट.

फेब्रुवारीअखेर हे केलं आणि गावभर सांगत सुटलो की सगळा दोष तेलाचा होता. ते आता निम्मं मागं घेतो. मार्च ते मे दोन प्लग गेले. पहिल्यापेक्षा बरंच, पण उन्हाळा होता म्हणून, हे तेव्हा कळलं नाही.

पावसाळ्यात मोटर ओसरीत होती. हेडच्या बाजूनं पाणी गळायचं म्हणून गावातल्याच पंपसेटच्या मिस्त्रीकडून ते झाकण खोलून घेतलं. आत थर्मोस्टॅटची जागा रिकामी! खाऱ्या पाण्यात तो मिठानं अडकतो, म्हणून तिकडच्या मालकानं काढूनच टाकला असणार. त्याला समुद्रावर चाललं असेल. आमच्याकडं जानेवारीत पहाटे 10-12 अंश, धरणाचं पाणी बर्फागत, आणि इंजिन कधी गरमच होत नव्हतं. गार इंजिनात तेल नीट जळत नाही, प्लगावरच साचतं. थर्मोस्टॅट असला की इंजिन तापेपर्यंत तो पाणी अडवून धरतो. कुरिअरनं मागवला, गॅस्केटसकट 1,150. गणपतीत बसवला, नवी प्लगजोडी लावली. आता डिसेंबर आहे, तीच जोडी चालू आहे. परवा काढून पाहिली, टोक कॉफीच्या रंगाचं.

मधल्या काळात एकानं सल्ला दिला होता की जरा गरम प्लग लाव, म्हणजे ज्याचं टोक जास्त तापतं तो, 7 च्या ऐवजी 6 नंबरचा. एनजीके कंपनीच्या प्लगांत आकडा लहान तितका प्लग गरम. काजळी जळून जाते, हे खरंय. पण हाच प्लग भरधाव चालवताना जास्त तापला तर पिस्टनला भोक पाडू शकतो. 160 वाचवायला पिस्टन कोण घालवणार? आधी गारठा का आहे ते बघा.

बाकी सवयी लागल्या त्या अशा. जाळी काढताना वीसेक मिनिटांनी एकदा मोकळ्या पाण्यात दोन मिनिटं जोरात पळवून आणतो, तेवढ्यात साचलेलं जळतं. चोक इंजिन धरताच आत. उरलेलं पेट्रोल पावसाळाभर टाकीत ठेवत नाही; पेट्रोल उडून जातं, तेल मागं राहतं आणि 50 ला 1 चं प्रमाण नावापुरतं उरतं. शिवाय आताच्या पेट्रोलातलं इथेनॉल पाणी धरतं. मोटर ठेवताना पेट्रोलची नळी काढून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. प्लग तारेच्या ब्रशनं घासत नाही, पेट्रोल आणि जुना टूथब्रश बास.

एक तक्रार अजून आहेच. झाकणाखाली जादा प्लग आणि पाना ठेवायला जागा नाही. मी दोन्ही प्लॅस्टिकच्या मसाल्याच्या डब्यात ठेवतो, चिंधीत गुंडाळून, झाकणाला रबर लावून.

दुकानदाराला यातलं काही सांगितलं नाही. एक जोडी घेतली, 320 दिले. तीही मसाल्याच्या डब्यात टाकली.