पाटीवरचं बोट कुणाचं?

पाटीवर पहिलं वाक्य उमटलं तेव्हा मी ढसाढसा रडले, आणि त्याच रडण्यात ४८ सेशनच्या पॅकेजला हो म्हणून बसले. वाक्य होतं, ‘आई मला सगळं समजतं.’

आमचा सोन्या नऊ वर्षांचा. स्वमग्न आहे. शब्द म्हणाल तर दोन, ‘मम’ आणि ‘भूर्र’. बाकी काय हवं ते हाताला धरून ओढून दाखवतो, नाहीतर चित्रकार्ड आणून देतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. अक्षरओळख हे माझं रोजचं काम, म्हणून तर हे लिहायची जास्त लाज वाटते. पण आमच्या पालकांच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ पुन्हा फिरायला लागलाय आणि खाली ‘पत्ता पाठवा ताई’ म्हणून रांग लागलीय. तेव्हा लाज गुंडाळून ठेवते.

त्या व्हिडिओत एक न बोलणारा मुलगा पाटीवर बोट ठेवून ठेवून कविता लिहितो. सेंटर पुण्यातलं. आम्ही साताऱ्याचे. पहिल्या भेटीत मॅडमनी सोन्याला शेजारी बसवलं, डाव्या हातात लॅमिनेट केलेली अक्षरांची पाटी उभी धरली आणि उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं. वर अ ते ज्ञ, खाली काना-मात्रा-वेलांट्या. बोट फिरायला लागलं. दहा मिनिटांत ते वाक्य तयार झालं. त्यानंतरचं वाक्य होतं, ‘माझ्यावर विश्वास ठेव.’ विश्वास! माझ्या वर्गातली दुसरीची पोरं ‘श्व’ला अडखळतात आणि ह्याला कुणी कधी ‘अ’सुद्धा गिरवायला दिलेला नव्हता. मॅडम म्हणाल्या, ‘ही मुलं बघून बघून सगळं शिकलेली असतात. फक्त शरीर साथ देत नाही. आपण हात दिला की आतलं बाहेर येतं.’ नऊ वर्षं ज्या लेकराच्या तोंडून ‘आई’ ऐकलं नाही त्याच्या आईला हे ऐकवल्यावर ती पुढे काय विचारणार?

९६,००० रुपये आगाऊ. पाटीचा संच ६,५००. पालकांची कार्यशाळा १२,०००. शिक्षकांच्या सोसायटीतून कर्ज काढलं. निम्मे पैसे यूपीआयने दिले, निम्मे रोख, कारण रोख दिले तर ‘जीएसटी वाचेल’. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही. दर रविवारी पहाटेची एसटी, स्वारगेटला उतरून रिक्षा, दोन सेशन, परत. सोन्याला एसटी आवडते एवढीच त्यातली चांगली गोष्ट.

पैशांपेक्षा महाग पडली ती दुसरी अट. मॅडमनी सांगितलं, घरची चित्रकार्डं बंद करा. ‘ज्याला एवढं समजतं त्याच्या हातात पाण्याच्या ग्लासाचं चित्र देणं हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.’ मी कार्डं डब्यात भरली आणि डबा माळ्यावर टाकला. ती कार्डं शिकवायला आम्हाला दीड वर्ष लागलं होतं.

कार्डांची पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये सुरू झाली. मुलासमोर त्याची आवडती वस्तू धरून एक माणूस बसतो. दुसरा माणूस मुलाच्या मागे, तोंडातून एक शब्द न काढता. मूल वस्तूकडे झेपावलं की मागचा माणूस त्याचा हात कार्डाकडे वळवतो, कार्ड समोरच्याच्या तळहातावर ठेवायला लावतो आणि वस्तू लगेच मिळते. मग मागचा हात दर वेळी थोडा कमी करायचा. आधी मनगट, मग कोपर, मग नुसता खांद्याला स्पर्श, मग काहीच नाही. मूल आपलं आपण उठून, तुम्हाला शोधत येऊन कार्ड देतं तेव्हा ते शिकलं असं म्हणायचं. आमच्या जुन्या स्पीच थेरपिस्ट ताई एकच प्रश्न विचारायच्या, ‘या आठवड्यात हात कुठवर आला?’ सेंटरमध्ये हात पहिल्या दिवशी मनगटावर होता आणि सतराव्या रविवारीही मनगटावरच. मी शिक्षिका असून हे माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते सासूबाईंच्या. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होते. त्या म्हणाल्या, ‘अगं, ह्याचं ध्यान कुठंय? हा तर पंख्याकडं बघतोय.’ मी परत बघितलं. खरंच. बोट पाटीवर, डोळे वर पंख्यावर. एका बोटाने अक्षरं शोधायची तर पाटीकडे बघावं लागतं. मी तीस वर्षं मोबाइलवर टाइप केलं तरी न बघता जमणार नाही. आणि पाटीकडे डोळ्यात तेल घालून कोण बघत होतं? मॅडम.

मग बाकीचं आठवायला लागलं. पाटीवर एकदा आलं होतं, ‘मला आजोबांची आठवण येते.’ आमच्या घरात आजोबा हा शब्दच नाही. सगळे अण्णा म्हणतात, गल्लीतली पोरंसुद्धा. दुसऱ्यांदा आलं, ‘आई वरणभात कर.’ सोन्याला भात कोरडा लागतो. वरणाचा एक थेंब भाताला लागला तर ताट जमिनीवर. तेव्हा मी मनाची समजूत घातली होती की आवड बदलली असेल. घरी आल्या आल्या वरणभात केलाही होता. ताट जमिनीवर.

परीक्षेची युक्ती आमच्या ह्यांची. पुढच्या रविवारी सेशनच्या आधी ह्यांनी सोन्याला जिन्यात नेलं आणि गुळाचा खडा खायला दिला. गूळ म्हणजे त्याचा जीव. आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात चॉकलेटचा रिकामा कागद असा ठेवला की टोक बाहेर दिसावं. आत येऊन हे सहज बोलल्यासारखं म्हणाले, ‘मॅडम, विचारा बरं त्याला, बाबांनी आत्ता काय दिलं.’

मनगट धरलं गेलं. च. काना. वर अर्धचंद्र. मी पुढची अक्षरं बघितलीच नाहीत. मी सोन्याच्या हनुवटीवर चिकटलेला गूळ बघत होते.

ह्यांनी तिथेच खरं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. ‘परीक्षा घेतली की ही मुलं बंद होतात. तुम्ही त्याचा विश्वास तोडलात.’ मोकळ्या झाल्या. दोष आमच्यावर.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की आमची गुळाची युक्ती काही नवी नव्हती. हात धरून लिहून घ्यायच्या या प्रकाराला फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन म्हणतात. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सुरू झाला, १९९०च्या आसपास अमेरिकेत पसरला. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका संस्थेने १२ जणांवर नीट तपासणी केली. लिहिणारा आणि हात धरणारा, दोघांना वेगवेगळी चित्रं दाखवायची, एकमेकांना दिसणार नाहीत अशी. १८० वेळा विचारलं. हात धरणाऱ्याने चित्र बघितलेलं नसताना बरोबर उत्तर एकदाही आलं नाही. चित्रं वेगळी असली की उत्तर हात धरणाऱ्याच्या चित्राचं यायचं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने याला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलं. २०१८ मध्ये तिथल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने हे वापरूच नका म्हणून सांगितलं. मनगट न धरता नुसती पाटी हवेत धरायची नवी पद्धत निघालीय, तिच्याबद्दलही त्यांनी तसाच इशारा दिलाय. पाटी धरणाऱ्याच्या हातात असेल तर तीही हलते, बोटाखाली येते.

त्या तपासणीतल्या हात धरणाऱ्यांना आपण हे करतोय याचा पत्ताच नव्हता म्हणे. प्लँचेटची वाटी जशी फिरते तसंच. सगळे शपथेवर सांगतात की मी ढकलली नाही. त्यामुळे मॅडम जाणूनबुजून खोटं लिहीत होत्या असं मी म्हणणार नाही. कदाचित त्यांनाही खरंच वाटत असेल. पण पावतीवर छापलेला आरसीआयचा, म्हणजे सरकारी परिषदेचा, नोंदणी क्रमांक? तो भलत्याच व्यक्तीचा निघाला. तिथे वाटी आपोआप फिरली नाही.

हे तपासायला मला पाच मिनिटं लागली, पैसे भरल्यावर चार महिन्यांनी. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी तिच्याकडे असते. नाव किंवा सीआरआर क्रमांक, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, टाकला की वेबसाइटवर माणूस दिसतो, कुठल्या पदवीवर नोंद आहे तेही दिसतं. १९९२च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना हे काम करणं गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. दंडाचा आकडा वाचून मला हसू आलं, माझ्या एका सेशनचा अर्धा. ओटीवाले, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मात्र आरसीआयमध्ये सापडणार नाहीत. महाराष्ट्रात त्यांची फिजिओथेरपीबरोबर वेगळी परिषद आहे. तेव्हा तिथे नाव नाही म्हणून ओटीच्या ताईंशी भांडू नका, माझ्या मैत्रिणीने भांडून घेतलंय.

पैशांचं सांगते. ‘भरलेली रक्कम परत मिळणार नाही’ या ओळीखाली माझी सही होती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग वकिलाची नोटीस पाठवली. त्यावर २५,००० आले, दोन हप्त्यांत. बाकीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. २०१९च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र टाकावी लागते. रोख दिलेल्या निम्म्या पैशांचा माझ्याकडे कागद नाही, आणि माझी केस लंगडतेय ती तिथेच.

पण मला रात्री जागं ठेवलं ते पैशांनी नाही. सेंटर सोडल्यावर पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सोन्या स्वयंपाकघरात माठापाशी उभा होता. आधी तो कपाटावरचं पाण्याचं कार्ड काढून माझ्या हातात द्यायचा. आता कपाटावर काही नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, ओढलंही नाही. उजवा हात पुढे केला, मनगट सैल सोडलं आणि तसाच उभा राहिला, कुणीतरी ते धरावं म्हणून. तांब्या त्याच्या हाताच्या उंचीवर होता. दोन मिनिटं मी बघत राहिले. तो वाट बघत राहिला.

आंघोळीतही तेच. पाण्याचा मग आपल्या डोक्यावर ओतायला तो शिकला होता, आता हात पुढे करून थांबायचा. म्हणून सगळं पुन्हा, आणि उलट्या टोकाकडून. चड्डी घालायची तर नऊ पायऱ्या मी करते, शेवटची, कमरेपर्यंत ओढायची, त्याची. ती जमली की शेवटच्या दोन त्याच्या. उलटं का, तर शेवट त्याच्या हातून होतो आणि शाबासकीही त्यालाच मिळते. मधेच हात मनगटाकडे जायला लागला की मी माझे हात पाठीमागे बांधते. शब्दशः, ओढणीने. हे म्हणतात शाळेत बाई अशा उभ्या राहिल्या तर पोरं घाबरतील.

कार्डांचा डबा माळ्यावरून उतरवला. जोडीला मोबाइलवर आयआयटी मुंबईच्या लोकांनी केलेलं ‘जेलो’ ॲप घेतलंय. फुकट आहे, मराठीत बोलतं. चित्रावर बोट ठेवायचं की आवाज येतो. बोट त्याचं, डोळेही त्याचे, आणि मोबाइल टेबलावर पडलेला असतो, कुणी धरत नाही. पाटी वाईट नसते हो. ज्या मुलाला अक्षरं येतात त्याने स्वतःच्या हाताने लिहावं की. मी फक्त इतकंच बघते की शेजारचा माणूस खोलीबाहेर गेला तर काय उरतं.

परवा जेवताना घाईत माझ्याकडून वरणाची वाटी त्याच्या भाताशेजारी टेकली. मला वाटलं, आता ताट गेलं. तो उठला, कपाटाकडे गेला, लाल फुलीचं ‘नको’चं कार्ड घेऊन आला आणि माझ्या खरकट्या हातावर ठेवलं. मी वाटी उचलली. तो परत बसला आणि कोरडा भात खायला लागला.