लेदर सीटचा साफसफाई संच: क्लीनर आणि ब्रश हवेतच, कंडिशनरची घाई नको

फोम क्लीनर, मऊ केसांचा ब्रश, कंडिशनर आणि एक-दोन मायक्रोफायबर फडकी असा संच गाडीच्या लेदर सीटसाठी सर्रास विकला जातो. कंपन्या वेगळ्या, बाटल्या वेगळ्या, आतला ऐवज जवळपास तोच. त्यातली क्लीनर आणि ब्रशची जोडी जरूर घ्यावी. कंडिशनर कातड्यात मुरून त्याला मऊ ठेवतं असं खोक्यावर लिहिलेलं असतं, ते मात्र आजच्या बहुतेक गाड्यांना फारसं लागू पडत नाही.

गाड्यांमधल्या बहुतेक लेदरवर आधी रंगाचा आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. आपला हात लागतो तो या थराला, कातड्याला नव्हे. आपली सीट कशी आहे ते पाण्याच्या एका थेंबावरून कळतं. थेंब मण्यासारखा तसाच राहिला तर थर आहे. मुरून जागा गडद झाली तर ते उघडं, ॲनिलिन प्रकारचं लेदर, आणि त्यासाठी हा संच नाही. ही चाचणी बसायच्या भागाच्याच एखाद्या नजरेआडच्या कोपऱ्यात करा. पाठीमागची बाजू आणि कडा अनेक गाड्यांत रेक्झिनच्या असतात, तिथे थेंब कधीच मुरणार नाही.

क्लीनर निवडताना लेबलवर पीएच, म्हणजे तो आम्लधर्मी की क्षारधर्मी हे सांगणारा आकडा, पाहावा. लेदर स्वभावतः किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून न्यूट्रल किंवा सौम्य आम्लधर्मी क्लीनर घ्यावा. कपड्यांची पावडर किंवा घरातले क्षारयुक्त क्लीनर मळ झटकन काढतात, पण वारंवार वापरले तर वरचा थर निस्तेज होतो. स्प्रेपेक्षा फोम सरस, कारण त्यात पाणी कमी असतं आणि ते शिवणीतून आत झिरपत नाही.

आधी व्हॅक्यूम करा, खाचांमधून नीट. रेती राहिली तर ब्रश तिलाच सीटवर घासतो आणि ओरखडे पडतात. मग फोम ब्रशवर घ्या, सीटवर नको. एका वेळी साधारण एक फूट चौरस जागा, हलक्या हाताने गोलाकार. जोर लावायचा नाही, केसांची टोकं काम करतात. फोम करडा झाला की वाळायच्या आत ओलसर फडक्याने टिपून घ्या, नाहीतर सुटलेला मळ पुन्हा तिथेच बसतो. एका सीटला फोमचे पाच-सहा पंप पुरेत, फडकी मात्र दोन-तीन लागतात.

सीट धुतल्यावर मॅट दिसली तर घाबरू नका. ती तशीच असायला हवी. ज्या तुकतुकीतपणाला लोक ‘चांगली पॉलिश’ समजतात तो अंगाचं तेल आणि मळ यांचा लेप असतो. ड्रायव्हर सीटची बाहेरची उंच कड सगळ्यात आधी झिजते ती यामुळेच: चढता-उतरता तिथे घासलं जातं, आणि मळातली बारीक रेती पॉलिश पेपरसारखी चालते. म्हणून ही एक कड दर महिन्याला पुसावी. बाकी सीट तीन-चार महिन्यांनी चालतील.

छिद्रांच्या सीटवर थेट फवारणी अजिबात नको. द्रव आतल्या फोममध्ये उतरतो. पंखा किंवा हीटर असेल तर त्याच्यापर्यंत पोचतो. कंडिशनर तिथे छिद्रांत अडकून पांढरे ठिपके दिसतात, आणि ते टूथपिकने एकेक काढत बसावं लागतं.

आता त्या कंडिशनरकडे येऊ. शाबूत थरातून ते कातड्यात फारसं मुरूच शकत नाही. वर चिकट राहतं आणि धूळ धरतं. लावायचंच तर एका सीटला चहाचा एक चमचा, फडक्यावर घेऊन, आणि वीसेक मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून. फिकट सीट असतील तर त्याच पैशात लेदरसाठीचं संरक्षक कोटिंग घ्यावं. जीन्सचा निळा रंग आधी त्या कोटिंगवर बसतो आणि पुढच्या धुण्यात बराचसा निघतो. तो रंग लेदरच्या थरात उतरला की मग क्लीनर हात टेकतो. सिलिकॉनची चकचकीत ड्रेसिंग तर टाळाच: सीट निसरडी होते, आणि पुढे कधी रंगाची दुरुस्ती करायची झाली तर रंग धरत नाही.

काही संचांत पांढरा ‘मॅजिक’ स्पंजही मिळतो. तो मेलामाईनचा असतो, अतिशय बारीक सँडपेपरच. डाग जातो, सोबत वरचा थरही जातो. तो सीटपासून दूर ठेवा. अल्कोहोलचे वाइप्स आणि वाफेची मशीनही नको. अल्कोहोलने थर खराब होतो आणि उष्णतेने लेदर आकसतं.

तडा गेलेल्या सीटवर यातलं काहीच उपयोगी नाही. तडा बहुधा रंगाच्या थराला गेलेला असतो, आणि कंडिशनरने तो दोन दिवस फक्त गडद, म्हणून कमी दिसतो. तिथे फिलर (तडा भरायचा लेप) आणि रंगाचंच काम करावं लागतं. पण त्याआधीही सीट याच क्लीनरने आणि ब्रशने तेलाचा अंश न ठेवता साफ करावी लागते.