गृह आधार की विश्वकर्मा?

गृह आधारचे दीड हजार रुपये महिन्याला गृहिणीच्या खात्यावर येतात. 2012 पासूनची ही गोवा सरकारची योजना महागाईत घर सावरायला आहे, आणि गॅस, मुलांच्या वह्या यांना ती खरंच हात देते. पण त्यातून नवं शिलाई मशीन उभं राहत नाही.

2023 ची केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना कामासाठीच आहे. शिंपी, कुंभार, हार करणारे अशा 18 व्यवसायांना प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांना 15,000 पर्यंत, पुढे 5 टक्क्यांनी विनातारण 1 लाखापर्यंत पहिलं कर्ज.

माझी मावसबहीण डिचोलीत ब्लाउज शिवते. ऐन चवथीच्या घाईत जुन्या मशीनचा पट्टा तुटला नि दोन दिवसांची कमाई गेली. तिला मी विश्वकर्माच सुचवली. तिची भीती वेगळीच: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 3 लाखांवर गेलं तर गृह आधार बंद होईल. मला वाटतं, तिथवर पोचली तर दीड हजार सुटल्याचं तिला जड जाणार नाही. कर्जाचा हप्ता मात्र चवथ सरल्यावरही भरायचा असतो, तो हिशेब आधी मांडा. शिवाय नवऱ्याने विश्वकर्मा घेतली असेल, तर बायकोला मिळत नाही.